पिटकोळीची कळी आणि माझं मानसशास्त्र

मानसशास्त्र मी घेतलं ते गणित टाळायला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे पुष्कळांना वाटत आलं की ह्या बाईला माणसाच्या मनाची केवढी ओढ! ओढबिढ काही नव्हती. म्हापशाला मुक्त शाळेचं केंद्र होतं, तिथे दहावीचे विषय निवडायचे होते आणि टेबलापलीकडच्या नाईक टीचर सहज म्हणाल्या, "गणित नको असेल तर मानसशास्त्र घेता येतं." मी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं मी आजवर देवाकडेही पाहिलेलं नाही. कारण गडहिंग्लजकडच्या आमच्या गावातून पहिल्यांदा दहावीला बसले तेव्हा गणिताचाच पेपर होता. प्रश्नपत्रिका हातात आली आणि पोटात जो गोळा उठला, त्यानं मला बाकावरून उठवलं, वर्गाबाहेर नेलं, शाळेच्या फाटकाबाहेर काढलं. मी परत आत गेले नाही. त्या वर्षीही नाही, पुढच्या वर्षीही नाही. घरी कुणी रागावलं नाही, हेच वाईट झालं. अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लई शिकून कुठं जायाचं हाय?" कुठं जायचं होतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. शेजारच्या आक्काच्या ओळखीनं मी घाट उतरून गोव्यात आले, डिचोलीच्या एका औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या पाकिटांची लाइन सांभाळायला लागले आणि राहायला मिळालं ते धारगळला, आक्काच्याच ओळखीतल्या एका काकींकडे, भाड्यानं.

काकींचं घर हायवेपासून थोडं आत, काजूंच्या झाडांना टेकून. माझी खोली मागची. त्यात पूर्वी नारळ ठेवत, त्यामुळे मी तिथे राहिले तितकी वर्षं माझ्या कपड्यांना खोबऱ्याचा वास होता. खिडकीला जनेल म्हणायचं, चमच्याला कुलेर, विळीला आदोळी, हे मी पोरासारखी शिकले. काकी दिवसभर बोलत. माणसांशी कमी आणि वस्तूंशी जास्त. "काय गो, आज रुसली?" हे कधी मला असायचं, कधी पंपाला. काका पूर्वी बस चालवायचे आणि आता घर चालवतात असा त्यांचा समज होता. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पों पों आवाज आला की ते वर्तमानपत्राआडून ओरडत, "उंडे आयले!" जणू उंडे स्वतःच पायऱ्या चढून येतायत. आणि मग पातळ भाजीत बुडवलेला गरम उंडा. मला पहिले काही महिने त्या पावानं पोट भरत नसे. मी भाकरीसाठी रडायची, तेही चक्क, नाक ओढून. शेवटी काकींनी स्वतः म्हापशाहून ज्वारीचं पीठ आणलं आणि म्हणाल्या, "कर गो तुजी ती भाकरी. रडान घर बुडयता माजां." मी भाकरी केली. काकांनी एक तुकडा तोडला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "घाटार चडपाक हीच जाय. हांगा खाल्ली तर दात काडून हातात घेवचे पडतले." पण दुसरा तुकडा घेतला. हे मी विसरलेली नाही. परक्या घरात आपल्या भाकरीचा दुसरा तुकडा कुणी घेतला, हे माणूस विसरत नाही.

तर अशा घरात मानसशास्त्राचं पुस्तक शिरलं, आणि मी बिघडले. कंपनीच्या बसमध्ये धारगळ ते डिचोली मी ते वाचायची. जाताना एक संकल्पना पाठ करायची आणि संध्याकाळी घरी येऊन ती कुणावर तरी लावायची. पुस्तकात घंटेचा आवाज ऐकून लाळ गाळणारा कुत्रा होता, त्याला अभिसंधान म्हणतात. आमच्या घरचा कुत्रा पोदेराचा हॉर्न ऐकून कुशीसुद्धा बदलत नसे. लाळ गिळत ते काका. काकांना टीव्हीवरचा हवामानाचा अंदाज मागच्या विहिरीवरून ऐकू यायचा, पण "बाजारात वचा हो" हे शेजारी बसूनही नाही. हे निवडक अवधान. आमच्या लाइनच्या सुपरवायझरला मॅनेजर बोलला की सुपरवायझर मला बोलायचा, मी घरी येऊन डबा आपटायची, काकी त्या आवाजानं दचकून मांजराला हाकलायच्या. हे विस्थापन, आणि ते डिचोलीहून धारगळच्या मांजरापर्यंत कसं पोचतं ह्याची मी पेन्सिलनं आकृती काढली होती. काकींना मी एकदा मोठ्या प्रेमानं सांगितलंसुद्धा, "काकी, तुम्ही चिडता ना, ते खरं तर मांजरावर नसतं." काकी आदोळीवर सुंगटं, म्हणजे कोळंबी, साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मांजराचेरच आसता गो. त्यान आताच तिसरां सुंगट व्हेलां."

आता मागे वळून पाहताना कळतं की त्या पुस्तकातली सगळी प्रकरणं मी इतरांसाठी वाचत होते. चिंतेवर एक प्रकरण होतं. त्यात घाम, धडधड, पोटात ढवळणं, प्रसंगातून पळून जाणं, सगळं क्रमानं दिलं होतं. ते मी वाचलं आणि मनात म्हटलं, आमच्या बसमधली शेवंता अगदी अशीच आहे.

सगळ्यात आवडलं मला प्लासिबो. नाईक टीचरनी रविवारच्या तासाला समजावलं होतं: रोग्याला औषध म्हणून नुसती साखरेची गोळी द्यायची, आणि पुष्कळदा त्याला खरंच बरं वाटतं, कारण त्याला ते औषध वाटत असतं. पण एक अट आहे, त्याला कळता कामा नये. मी दिवसभर गोळ्या भरणारी बाई; मला हे फार लागलं. म्हणजे आपण काय भरतोय मग? दुसऱ्या दिवशी लाइनवर मी हा प्रश्न मोठ्यानं विचारला तेव्हा सुपरवायझर इकडेतिकडे बघून म्हणाला, "बाई, तू टेन्थ पास हो, लाइन लीडर हो, पण असलं हितं बोलू नको." तोही घाटावरचाच, बेळगावकडचा. दहावी झाल्याशिवाय लाइन लीडर करत नसत, हे खरं. पण मला त्या जागेची तेवढी ओढ नव्हती. मला एवढंच बघायचं होतं की तीन तास एका बाकावर आपण बसून राहू शकतो की नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. लोक म्हणाले असते, बसायला काय लागतं?

परीक्षा जवळ आली तसा गोळा परत आला. आधी फक्त पुस्तक उघडल्यावर, मग म्हापशाची बस दिसली की, मग नुसतं शुक्रवार म्हटलं की, कारण पहिला पेपर शुक्रवारी होता. पेज पोटात ठरेना. मी काकींना म्हटलं, "काकी, मी ह्या खेपेला नाही बसत. पुढच्या वर्षी बसते." काकींनी माझी पेज परत माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाल्या, "फुडल्या वर्सा पोट घरा दवरून वतली?" पोट घरी ठेवून जाता आलं असतं तर मी ह्याच वर्षी गेले असते. काका म्हणाले, "देवीक विचार मगो." आणि ठरलं.

काकी सगळं देवीला विचारायच्या. फ्रिज घ्यायचा का, फणसाचं झाड तोडायचं का, धाकट्या जावेशी बोलायचं का. देवळात प्रसाद लावतात. गुरव देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्यानं लाल पिटकोळीच्या बारीक कळ्या चिकटवतो आणि आपलं गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्या गावचा देव अंगात येऊन बोलतो, तोही आरडाओरडा करून. असा गप्प राहून फुलातून बोलणारा देव मला नवा होता. शिवाय मी आता शिकलेली. योगायोग, पूर्वग्रह, माणसाला हवं तेच दिसतं, हे सगळं माझं पाठ होतं. तरी मी आंघोळ करून, केस बांधून, काकींच्या मागून देवळात गेले. पोटातल्या गोळ्यानं पुस्तक वाचलेलं नव्हतं.

बाबलो गुरव म्हातारा होता. त्यानं आधी उठून भिंतीवरचा पंखा बंद केला. हे मला शास्त्रीय वाटलं आणि थोडा धीर आला. मग कळ्या लावल्या आणि हात जोडून सुरू झाला: "बा देवी म्हामाये, ही देशावयली चेडू तुज्या दारात आयल्या. परीक्षेक बसूंक भिता. बसूंचां आसा तर उजवो प्रसाद दी, नाय तर डावो दी, पूण साफ सांग गे माये." काकी मागून "व्हय म्हाराजा" म्हणत होत्या. कळ्या हलेनात. बाहेर हायवेवरून ट्रक जात होते, आत उदबत्तीची राख पडत होती आणि मी, मानसशास्त्राची विद्यार्थिनी, डोळे फाडून दोन कळ्यांकडे बघत होते. आणि एक पडली. माझ्या उजव्या हाताच्या बाजूची. मी ओरडलेच, "उजवी! काकी, उजवी!" आणि देवळात उडी मारली. खरोखरची उडी, घंटेला डोकं लागायचं तेवढं राहिलं. गुरवानं तोंड उघडलं होतं. काकी चटकन म्हणाल्या, "पडली न्ही? जालां. नमस्कार कर आनी चल." गुरवानं कान खाजवला, काकींकडे बघितलं, तीर्थ दिलं आणि पडलेली कळी उचलून माझ्या हातावर ठेवली.

वाटेत काकी एक शब्द बोलल्या नाहीत. पंपाशी बोलणारी बाई, आणि गप्प! मी विचारलं, "मग बसायचं ना मी?" त्या म्हणाल्या, "बस. बस गो बाय." घरी आल्यावर त्यांनी मासळी बंद केली. माझे पेपर संपेपर्यंत त्या घरात नुस्तें शिजलं नाही. काका ताटासमोर बसून म्हणायचे, "कोण मेला काय?" काकी दुपारी पदर खोचून देवळात जायच्या त्या मी पेपर देऊन परत यायच्या वेळेला घरी यायच्या. मला नवल वाटलं, पण मी त्याचा उलगडा केला. पुस्तकात प्रौढ वयातल्या बदलांवर अर्धं पान होतं: चिडचिड, अन्नावरची वासना उडणं, धार्मिकता वाढणं. सगळी लक्षणं जुळत होती. मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "ह्या वयात असं होतं. तुम्ही समजून घ्या." काका म्हणाले, "समजून घेतां, पूण सुक्या बांगड्यान तिचां काय केल्लां?"

शुक्रवारी म्हापशाचा बाजार. बसमध्ये कोंबड्या, केळ्यांचे घड, चणेकाराची टोपली आणि मी. कंपासपेटीत ती कळी, कागदात गुंडाळून. वर्गात बसले, प्रश्नपत्रिका आली, गोळा उठला. मी कंपासपेटी उघडली, कळीकडे बघितलं, पेटी बंद केली. गोळा काही गेला नाही, पण तो माझ्या शेजारी येऊन बसल्यासारखा झाला, मी उठले नाही. तीन तास मी उठले नाही. पुढच्या एका पेपरला, तो मानसशास्त्राचाच, प्रश्न आला की माणसाच्या अपेक्षांचा त्याच्या आकलनावर परिणाम होतो हे उदाहरणासह लिहा. मी भरभरून लिहिलं. ग्रामीण भागात काही लोक देवाला कौल लावतात, आणि मनात जे असतं तेच त्यांना दिसतं, असं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या आवेशात लिहिलं. लिहिताना मधेमधे कंपासपेटी उघडून बघत होते. त्या विषयात मला सगळ्यात जास्त गुण मिळाले.

पुढचं थोडक्यात. लाइन लीडर झाले. मग बारावी, मग बी.ए., तेही मानसशास्त्र घेऊनच, कारण आता लोकांना माझी ओढ ठाऊक झाली होती. लग्न झालं, डिचोलीला राहायला गेले. काका गेले. देवीला पुन्हा मी काही विचारलं नाही. ज्याला एकदा होकार मिळाला तो कशाला परत रांगेत उभा राहतो? कळी मात्र त्या कंपासपेटीतच राहिली. वाळून तिळाएवढी झालेली.

आता काकी थकल्यात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नको नको म्हणत त्यांनी इतका उशीर केला की मला त्या आवाजावरून ओळखतात. ऑपरेशनचं नाव काढलं की पदर तोंडाला. मी त्यांना नीट समजावलं, शांत आवाजात, मधे मधे थांबून, जसं शिकले तसं. भीती ही नैसर्गिक भावना आहे, वगैरे. काकींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तां जावंदी. माका देवीकडे व्हर."

मागच्या महिन्यात नेलं. बाबलो गुरव आता नाही, त्याचा मुलगा आहे. पँट घालतो, मोबाइल देवीकडे पाठ करून ठेवतो. पंखा त्यानंही बंद केला. गाऱ्हाणं झालं. काकी माझ्या दंडाला धरून उभ्या. कळी पडली. "खंयची गो?" काकींनी विचारलं. मला दिसत होतं, अगदी माझ्या उजव्या हाताला. मी आनंदानं म्हटलं, "उजवी, काकी!"

गुरवाचा मुलगा हसला. "बाई, तुमची उजवी. देवी आमच्या समोर तोंड करून उभी आसा न्ही? तिचो डावो हात तो. डावी पडली."

मी देवीकडे बघितलं. तिचा उजवा हात, तिचा डावा हात. मग स्वतःचे बघितले. इतक्या वर्षांत, एवढी पुस्तकं वाचून, समोरचा माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. काकी हसायला लागल्या होत्या. आधी नुसते खांदे हलले, मग त्यांना खांब धरावा लागला.

"तेन्नाय अशीच उडी मारलेली तुवें," त्या म्हणाल्या. "डावी पडल्ली. साफ डावी."

"मग सांगितलं का नाही मला?"

"कशी सांगूं? तुजां तोंड पळयलां. इतले म्हयने तुज्या तोंडार हांसो पळोवंक नाशिल्लो. म्हटलां, देवीक मागीर समजायतां, ती घरचीच." म्हणजे देवीची समजूत मागाहून काढू.

"आणि मासळी बंद केलीत..."

"मग? तिणें ना म्हटलां आनी हांवें तुका धाडली. तू थंय पेपर बरयतासताना हांव हांगा बसून तिका सांगतालंय, राग आसा तर माजेर काड, चेडवाचेर नाका." आणि वर म्हणाल्या, "तुजे काका बेठेच उपाशी रावले."

आणि मी केलेला उलगडा काय, तर प्रौढ वयातले बदल! मी त्यांचा हात धरून पायरीवर बसले. मग मला सुचलं ते भलतंच, कारण मी खरी घाबरले होते: आज नकार आला होता, ही बाई आता ऑपरेशन करणार नाही, आणि मी तर मोठ्यानं चुकीची बाजू सांगून बसले होते, आता खोटं बोलायचीही सोय नव्हती. मी म्हटलं, "काकी, आपण परत एकदा लावून बघू या?"

"कित्याक?" काकी म्हणाल्या. "तुका ना म्हटलां, तू पास जाली. बी.ए. जाली. घोव मेळ्ळो, तोय बरो. माका ना म्हटलां तर माजेय दोळे बरे जातले. चल, डाक्टराची तारीख घे." आणि देवीकडे, म्हणजे साधारण देवीच्या दिशेनं, वळून म्हणाल्या, "मागीर समजायतां गे."

पुस्तकात लिहिलं होतं की रोग्याला कळलं की साखरेची गोळी चालत नाही. काकींना सगळं कळलेलं होतं, तरी चालत होती. आणि गोळी कुठली, तर मी, नकार येऊनही पास झालेली.

परवा ऑपरेशन झालं. म्हापशाला, सकाळी. नर्सनं हिरवा झगा घातला, बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या. आत न्यायच्या आधी काकींनी माझा हात शोधला. त्यांनी मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाल्या, "तुजी ती कळी हाडल्या मगो?" मी आणली होती. का, ते मला विचारू नका. कंपासपेटीच उचलून आणली होती. काकींनी चाचपडून ती तिळाएवढी कळी बोटांत घेतली, पण नर्स म्हणाली, "काकी, भितर कांय व्हरूंक मेळना." काकींनी निमूटपणे ती माझ्या हातावर ठेवली, माझी बोटं एकेक करून मिटवली आणि वरून दाबली. "घट धर," म्हणाल्या. "उडयो मारूं नाका."

दार बंद झालं. मी बाकावर बसले. मुठीत देवीचा नकार, इतकी वर्षं होकार म्हणून जपलेला. पोटात गोळा उठला, ओळखीचा, अगदी पहिल्यासारखा. जिन्याकडे, फाटकाकडे ओढायला लागला. मी त्याला शेजारी जागा करून दिली, आणि बसून राहिले.